कुत्र्याचा कोंडा आणि आठ दिवसांचा वायदा

थंडी पडू लागली की सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. कुत्र्याच्या अंगावर कोंडा दिसला की थंडीने कातडी कोरडी पडली असे समजावे, त्याला रोज आपल्याच कोंड्याच्या शाम्पूने आंघोळ घालावी, मग सांगलीची हळद खोबरेल तेलात कालवून चोळावी, आणि तरीही लूत हटली नाही तर गॅरेजमधले जळके ऑइल लावावे. आठ दिवसांत कातडी चकचकीत होते, असा त्याचा सारांश आहे.

यातले निदानच घाईचे आहे. कोरड्या हवेने कोंडा पडतो हे खरे. परंतु पिसवा, खरजेचे किडे, यीस्ट, गजकर्णाची बुरशी, थायरॉइडची कमतरता किंवा निकृष्ट आहार यांपैकी कशानेही तो पडू शकतो. गेल्या पौषात आमच्या कारवान जातीच्या कुत्रीच्या पाठीवर पांढरे कण दिसू लागले, तेव्हा मीही थंडीलाच दोष दिला होता. बारीक दातांच्या फणीने ते काळ्या कागदावर पाडून उन्हात धरले, तर त्यातले दोन-तीन कण चालू लागले. कोंड्याच्या आडून हिंडणारे हे किडे चायलेटिएला या नावाने ओळखले जातात आणि ते माणसालाही चावतात. माझ्या हातावरच्या ज्या पुरळाचे खापर मी डासांवर फोडत होतो, त्याचाही उलगडा तिथेच झाला.

शाम्पूचा सल्ला तर उलटाच पडतो. माणसाच्या त्वचेचा सामू (आम्लतेचे माप, pH) साधारण 5 ते 5.5 असतो, कुत्र्याचा 7 च्या आसपास; त्यामुळे आपला शाम्पू त्याला मानवत नाही. शिवाय त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असल्याने रोजच्या आंघोळीने नैसर्गिक तेलकटपणा धुऊन जातो आणि कोंडा वाढतो. औषधी शाम्पू दिलाच, तर तो कुत्र्यांसाठीचाच असावा आणि सुमारे दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुवावा. घाईत ओतलेल्या पाण्याबरोबर औषधही वाहून जाते.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मलाही अभिमान आहे. पण तिच्या पिवळ्या लेपाखाली कातडी लाल आहे की नाही तेच दिसत नाही. खोबरेल कुत्रे चाटून टाकते, जास्त झाले तर त्याला जुलाब होतात, आणि आधीच तेलकट, कुबट वास येणाऱ्या कातडीवर तेल चोळणे म्हणजे यीस्टला खाऊ घालणे.

जळक्या ऑइलबद्दल मात्र सौम्य भाषेत लिहिता येणार नाही. त्यात खनिज तेलाचे विषारी घटक आणि इंजिनातले धातू असतात; त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते.

राहिला आठ दिवसांचा वायदा. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर नव्याने तयार होऊन गळायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे. आठव्या दिवशी जी चकाकी दिसते ती तेलाची.

कोंड्याबरोबर खाज, केस झडणे किंवा वास असेल, तर कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि नेताना अंगाला काहीही लावू नये; तिथे कातडी पात्याने हलकेच खरवडून तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि हळदीच्या थराखालून तो नीट निघत नाही.