वांजिकू, तिची आजी आणि आमचा फॅमिली ग्रुप

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं हा महाराष्ट्र सरकारचा नियम, त्यावरून काका म्हणतात एवढं लांब नाव फॉर्मात मावणार कुठे, आत्या म्हणते आधी लग्नात मुलीचं नाव बदलणं बंद करा. (माझंही बदललेलं, तांदळात अंगठीने लिहून. ते नाव आता सासूबाईंनाही आठवत नाही.)

मी नैरोबीत बसून हे वाचते. ऑफिसातल्या एका किकुयू (केनियातली एक जमात) कलीगकडे थिका नावाच्या गावी जेवायला गेले होते, तर हा बाबा चार वर्षांच्या पोरीच्या मागे "माइतो, खा ना" करत फिरतोय. माइतो म्हणजे आई! पोरीचं नाव वांजिकू (घरात ऐकू येतं वांजिको), म्हणजे त्याच्या आईचंच. किकुयूंत पहिल्या मुलीला बाबाच्या आईचं नाव, दुसरीला आईच्या आईचं, ठरलेलं, आत्याचा चॉइस वगैरे भानगडच नाही, आजी समोर बसलेली असली तरी. आपल्याकडे सून सासूचं नाव कसं घेणार म्हणून नातीला हाक मारायला वेगळं नाव शोधायचे.

आणि वांजिकू नाव साधंसुधं नाही. गिकुयू आणि मुंबी हे यांचे मूळ आईबाप, त्यांच्या मुली नऊ, खरं तर दहा, पण माणसं नेमकी मोजू नयेत म्हणून "भरगच्च नऊ" म्हणायचं, आणि कुळं या मुलींची. वांजिकूचं कुळ अगाचिकू. पुढे म्हणे पुरुषांनी बायकांचं राज्य उलथवलं आणि कुळांची नावंही बदलायला निघाले, तेव्हा बायकांनी मुलं जन्मालाच घालणार नाही म्हणून धमकावलं. नावं वाचली. राज्य गेलं ते गेलंच.

नव्वदच्या दशकात केनियाच्या राज्यघटनेवरून वाद चालला होता तेव्हा राष्ट्राध्यक्ष मोई, वांजिकूला घटनेतलं काय कळतं, अशा अर्थाचं बोलले. लोकांनी तो शब्दच उचलला, आज केनियात वांजिकू म्हणजे सामान्य नागरिक. २०१० ला सार्वमताने नवी घटना आली तीही वांजिकूचीच म्हणतात. आपल्या आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन, पुरुष आणि वर बिननावाचा.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होते, पण कलीगची सासू आठवली. मुलीला ही एकच पोर. भात वाढताना म्हातारी हसत म्हणाली, "माझं नाव अजून रांगेत उभंय."