‘ही सभ्य लूट आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘दगडांची अदलाबदल’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही दहा-बारा दगडवेडे दर दोन महिन्यांनी पुण्यात कुणाच्या तरी घरी जमतो, आपल्याकडचे स्फटिकांचे जादा नमुने सतरंजीवर मांडतो आणि पैशांचा विषय न काढता एकमेकांना देतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “गोड बोलून तुम्ही आपल्या मातीचा ठेवा आपसात वाटून घेताय. वाघोलीत आता काय उरलंय? आणि ज्यानं दगड फोडला त्याच्या हाती काय पडलं? ही सभ्य लूट आहे.” राहुरीजवळच्या माहेरच्या विहिरीतून निघालेला पांढऱ्या सुयांचा एक दगड तुमच्या शोकेसमध्ये आहे, असंही शेवटी आहे. त्याच्याकडे मी सावकाश येतो.

आधी मजुराबद्दल. इथं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या अख्ख्या लेखात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती, ही माझी चूक. खाणीत दगडातली स्फटिकांची पोकळी दिसल्यावर स्फटिक शाबूत बाहेर येणं सगळं त्याच्या हातावर असतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या एका दगडखाणीत एका वयस्कर मामांनी मला हे शिकवलं होतं. मी स्फटिकाच्या कडेलाच छिन्नी लावत होतो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “चार बोटं दगड सोडून मागं मार. त्याला कळलंच नाय पायजे.” मामांनी सुटा करून दिलेला तो तुकडा आजही माझ्याकडे आहे : स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर वाटाण्याएवढे दोन गर्द निळे गोंडे, कॅव्हनसाइट या खनिजाचे. पुढे बाजारात अशा तुकड्याला जो भाव येतो, त्यातला फार थोडा वाटा मामांसारख्यांपर्यंत पोचतो. हे बदलायला हवं. मी एवढंच करतो की घ्यायचंच झालं तर थेट काढणाऱ्याकडून, घासाघीस न करता घेतो. ते पुरेसं नाही, हेही मला कळतं.

पण ‘लूट’ हा शब्द मी स्वीकारू शकत नाही. वाघोलीच्या खाणी कॅव्हनसाइटसाठी खणल्याच नव्हत्या. त्या खणल्या खडीसाठी, आपल्या इमारतींच्या आणि रस्त्यांच्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर झिरपलेल्या गरम पाण्यानं त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. सुरुंग लागला की ती पोकळी जेमतेम एखादा दिवस उघडी राहते. मग सगळा माल क्रशरला जातो आणि वीस एमएम खडी होऊन बाहेर पडतो. त्या एका दिवसात कुणी पहार घेऊन वाकलं नाही, तर तो ठेवा कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतो. वाघोलीत आता काय उरलंय, असं तुम्ही विचारता. टॉवर उरलेत, ताई. आणि जगभरच्या संग्रहालयांत, लोकांच्या कपाटांत ‘वाघोली, पुणे’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या उरल्यात.

ही चिठ्ठीच आमच्या अदलाबदलीचा खरा गाभा आहे, आणि लेखात तीही मी नीट मांडली नव्हती. आमच्याकडे दगड हातात पडला की पहिला प्रश्न “कुठला?” हाच असतो. गाव, खाण की विहीर, कोणत्या साली, कुणाच्या हातून आला, हे लिहिलेलं नसेल तर कितीही झगझगीत दगड असला तरी तो कुणी उचलत नाही. तुमच्या माहेरच्याच भागातलं उदाहरण घ्या. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला विहीर खणताना अ‍ॅपोफिलाइट नावाचा हिरवागार स्फटिक निघाला, तो जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. विहिरीला पाणी लागलं की त्या जागेचं दार बंद होतं. तिथं काय होतं ते नंतर फक्त नमुना आणि त्याच्यासोबतची चिठ्ठी सांगू शकते. आमच्यात दगड चार हातांतून फिरतो तेव्हा जुनी चिठ्ठी कधीच काढत नाहीत, नवी तिच्याखाली ठेवतात.

खरेपणाचंही तसंच. मी पूर्वी एका विक्रेत्याकडून निळ्या गोंड्यांचा एक देखणा तुकडा घेतला होता. बैठकीत एका मित्रानं त्यावर अतिनील टॉर्च मारला, तर गोंड्याच्या बुडाशी डिंकाची कड फिकट निळी चमकली. वेगळाच स्फटिक आणून चिकटवलेला होता. आमच्यात डागडुजी झालेला, रंगवलेला किंवा तापवून लाल केलेला दगड देताना ते आधी सांगायचं, हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

परदेशाशी अदलाबदलीबद्दलही सांगतो. असा एकच व्यवहार मी आजवर केलाय. मूळचे पुण्याचे एक काका ओरेगॉनमध्ये राहतात. कॅव्हनसाइट पहिल्यांदा सापडला तो त्यांच्याच राज्यात, ओवायही धरणाजवळ, आणि १९७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. पण तिथले स्फटिक बारीक, वाघोलीची सर त्यांना नाही. काकांना वाघोलीचा एक छोटा तुकडा हवा होता. बदल्यात त्यांनी आणला थंडरएग : बाहेरून खडबडीत, मळकट गोळा आणि कापला की आत तारेच्या आकाराचा अकीक. अश्मीभूत लाकूडही आणा ना, असं मी म्हणालो होतो. त्यांनी ठाम नकार दिला. तिथल्या सरकारी जमिनीवरून ते लाकूड माणशी दिवसाला २५ पौंड वजनाचं आणि वर एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त २५० पौंड इतकंच उचलता येतं, तेही स्वतःसाठी. “मग ते द्यायघ्यायचं नसतं,” म्हणाले. मला फार बरं वाटलं. आम्हीही लोणारच्या काठावरून खडासुद्धा उचलत नाही. निघोजच्या रांजणखळग्यांतही फक्त बघायचं आणि परत यायचं. क्रशरपासून वाचवणं वेगळं आणि शाबूत जागा ओरबाडणं वेगळं. हा फरक मी लेखात स्पष्ट करायला हवा होता.

आता तुमचा दगड. वर्णनावरून स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट या सुयांसारख्या वाढणाऱ्या खनिजांपैकी एकाचा असावा. कृपा करून त्यावरून फडकं फिरवू नका. सुया केसासारख्या बारीक असतात, एक दोरा अडकला तरी झुपक्यानं तुटतात. कापसात तर अजिबात गुंडाळू नका. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायला रबरी फुगा मिळतो, त्यानं लांबून धूळ उडवा. तळाला खालून थोडं मेण लावून उंच डबीत बसवा, वरून काहीही टेकू देऊ नका.

आणि विहीर कोणत्या साली खणली, किती हात खोलीवर हा दगड लागला, खणणारे कोण होते, हे घरातल्या थोरांना आजच विचारून ठेवा. खणणाऱ्याचं नाव कळलं तर तेही चिठ्ठीवर लिहा. दगड तुमच्याकडेच राहू दे, मला फक्त त्या चिठ्ठीचा फोटो पाठवा.