स्मार्ट स्पीकर रीसेट केल्याने रेकॉर्डिंग पुसली जातात का?

‘स्पीकर ऐकत नसेल तर लगेच फॅक्टरी रीसेट मारा, बिघाडही जातो आणि तुमची सगळी रेकॉर्डिंगही पुसली जातात’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. यातलं दुसरं विधान चुकीचं आहे, आणि काळजी वाटते ती त्याचीच. तुमच्या आवाजाच्या नोंदी स्पीकरमध्ये नाही, तर कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यात साठतात. रीसेटने स्पीकरमधलं वाय-फाय आणि खात्याची जोडणी जाते, नोंदी तशाच राहतात. या नोंदी स्पीकरच्या मोबाइल ॲपमधल्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन वेगळ्या पुसाव्या लागतात. जुना स्पीकर कुणाला देणार असाल तर दोन्ही कामं करा.

पहिला सल्लाही घाईचा आहे. ॲमेझॉनच्या इको स्पीकरवर लाल दिवा स्थिर असेल तर माइक बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. माइकचं बटण दाबलं की काम झालं. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर ॲपमधून नवीन पासवर्ड द्या. एरवी आधी प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. याला रीस्टार्ट म्हणतात, यात काहीही पुसलं जात नाही. बरेचदा एवढ्यानेच भागतं.

तरीही अडलंच तर रीसेट. गूगलच्या नेस्ट मिनीत बाजूचा माइकचा स्विच बंद करून वरचा मधला भाग साधारण १५ सेकंद, आवाज येईपर्यंत दाबून धरायचा. तिसऱ्या पिढीच्या इको डॉटमध्ये ॲक्शन बटण (ठिपक्याची खूण असलेलं) २५ सेकंद दाबायचं. त्यानंतर सेटअप पहिल्यापासून करावा लागेल.