रिस्क ओएस मेली का? उद्यमनगरच्या वाचकाला उत्तर

मागच्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. लिहिणारा मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरचा, आता पुण्यात आयटीत. (नवख्यांसाठी: रिस्क ओएस ही लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि रास्पबेरी पाय हा एक छोटा, स्वस्त संगणक.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, रिस्क ओएस संपलीय. रास्पबेरी पाय ५ वर ती चालतसुद्धा नाही. आपल्याकडं कुणी कधी न पाहिलेल्या इंग्लंडच्या मशीनचा तुम्हाला नाद लागलाय, तो तुम्हाला लखलाभ. पण पॉलिटेक्निकच्या पोरांना रविवारी बसवून हे शिकवता, त्यात त्यांचं नुकसान आहे. लिनक्स शिकवा की."

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

"कुणी कधी न पाहिलेल्या" एवढं आधी निकालात काढू. केंद्र सरकारनं १९८४ मध्ये शाळांसाठी संगणकशिक्षणाचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा आपल्या देशातल्या शाळांत आला तो एकॉर्न या इंग्लंडच्या कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणकच. त्याच एकॉर्ननं पुढं स्वतःचा प्रोसेसर बनवला, एआरएम. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचं ते काम; पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला चालली. तुझ्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घराण्यातला प्रोसेसर आहे. आणि त्या प्रोसेसरसाठी १९८७ मध्ये आलेली आर्थर ही सिस्टिम म्हणजेच पुढची रिस्क ओएस. परकीच म्हणायची तर लिनक्स तरी कुठं कळंब्याची आहे!

आता पाय ५. इथं तुझं बरोबर आहे, आणि तू लिहिलंस त्याहून प्रकरण अवघड आहे. पाय ५ मधला कॉर्टेक्स-ए७६ जुना ३२ बिटांचा कोड चालवतो, पण साध्या प्रोग्रामपुरता. ऑपरेटिंग सिस्टिमला जो वरचा अधिकार लागतो, तो ३२ बिटांत तिथं मिळतच नाही. रिस्क ओएस सगळी ३२ बिटांची, त्यामुळं ती थेट बूट होत नाही. एआरएमचे बरेच नवे कोअर तर ३२ बिट पूर्णच सोडून बसलेत.

मग ६४ बिटांसाठी पुन्हा कंपाइल करा, असं तू म्हणशील. सगळी सी भाषेत असती तर ते बोलणं सोपं होतं. पण तिचा मोठा भाग एआरएमच्या असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, हातानं लिहिलाय. म्हणूनच ती दहा एमबीच्या आत मावते आणि काही सेकंदांत डेस्कटॉप समोर येतो. ६४ बिटांचा सूचनासंच वेगळाच आहे. जुन्यात जवळपास प्रत्येक सूचनेला अट जोडता यायची, एकाच सूचनेत सात-आठ रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) मेमरीत टाकता यायची. नव्यात दोन्ही सोयी गेल्या. त्यामुळं ओळीला ओळ बदलून चालत नाही. आधीच्या माणसाला काय करायचं होतं ते समजून घ्यायचं आणि नव्यानं लिहायचं. तेही जमलं असं धर, तरी प्रोग्रामांचं काय? ते सिस्टिमला हाक मारतात तीच रजिस्टरांत ३२ बिटांचे पत्ते घालून. बीबीसी बेसिक या तिच्यातल्या प्रोग्रामिंग भाषेत टक्केचिन्ह लावलेलं चल (व्हेरिएबल) ३२ बिटांचं असतं, आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्यातच मेमरीचे पत्ते साठवलेत. ६४ बिटांचा पत्ता त्यात मावणार कसा?

आमच्यातली हौशी मंडळी यावर म्हणतात, अशी वेळ आधीही आली होती. आली होती, खरंय. सुरुवातीच्या एआरएममध्ये प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) आणि फ्लॅग (आधीच्या सूचनेच्या निकालाच्या खुणा) एकाच रजिस्टरात कोंबलेले होते. पत्त्याला उरायचे २६ बिट, म्हणजे ६४ एमबीची हद्द. पुढच्या प्रोसेसरांनी ती रीत मोडली आणि अख्खी सिस्टिम ३२ बिटांवर आणावी लागली. पण ते काम केलं कुणी? १९९८ मध्ये एकॉर्नची मोडतोड सुरू झाली, नंतर तिचा सेट-टॉप बॉक्सचा विभाग पेस कंपनीकडं गेला. पेसला टीव्हीखालच्या डब्यांसाठी ती सिस्टिम हवी होती, म्हणून पगारी इंजिनिअर कामाला लागले. त्याच कामावर २००२ मध्ये आयोनिक्स हा संगणक उभा राहिला. आता कुठल्या कंपनीचा धंदा यावर अडलेला नाही, आणि काम तेव्हाच्या कितीतरी पट मोठं आहे. त्यामुळं "तेव्हा निभावलं, आताही निभेल" हे मला पटत नाही. यावरून आमच्या मंडळींत माझं वाजतंही.

तरी मी तिला मेली म्हणत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिचा सोर्स कोड अपाचे या मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्याआधी हक्क या कंपनीकडून त्या कंपनीकडं फिरायचे, आणि २००० नंतरची काही वर्षं तर एकाच सिस्टिमच्या दोन शाखा दोन वेगळ्या कंपन्या चालवत होत्या. अमिगा या त्याच काळातल्या संगणकाची मंडळी हक्कांच्या कोर्टकचेऱ्यांत किती काळ अडकली ते बघ, म्हणजे या परवान्याची किंमत कळेल. शिवाय काम चालू आहे. एकेका सुधारणेसाठी लोक वर्गणी जमवतात, रक्कम बरी झाली की कुणीतरी ते काम अंगावर घेतं. एप्रिल २०२४ च्या ५.३० आवृत्तीत रास्पबेरी पायवर वाय-फाय आलं. हो, २०२४ मध्ये वाय-फाय. हस खुशाल.

माझा अंदाज विचारशील तर, पाय ४ बाजारात मिळतोय तोवर ती खऱ्या हार्डवेअरवर चालेल, आणि त्याचं उत्पादन २०३० च्या पुढंही चालू ठेवू असं बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. त्यानंतर एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामात), नाहीतर लिनक्सच्या आत एक प्रोग्राम म्हणून; हे दोन्ही मार्ग आजही आहेत. ६४ बिटांचा गाभा कदाचित तयार होईल. जुने प्रोग्राम त्यावर एम्युलेशननंच चालवावे लागतील. पायच्या खपामुळं नवे वापरणारे लोंढ्यानं येतील ही आमच्यातल्या काहींची आशा मला भाबडी वाटते. बँकेचं किंवा रेल्वे तिकिटाचं काम यावर होत नाही. नेटसर्फ हा ब्राउझर हलका आणि चांगला आहे, पण आजच्या जावास्क्रिप्टनं भरलेल्या साइटपुढं तो हात टेकतो. आणि तुझ्या यादीतून सुटलेला मुद्दा मीच देतो: देवनागरी जोडाक्षरं त्यात नीट उमटत नाहीत. म्हणजे हे उत्तर रिस्क ओएसवर धड वाचताही येणार नाही.

राहिलं पोरांचं नुकसान. याच्यावर नोकरी मिळत नाही, हे मी पहिल्याच रविवारी सांगतो. लिनक्स त्यांच्या कॉलेजात आहेच. इथं ती एफ१२ दाबतात, बेसिक सुरू करतात, चौकटी कंसांत असेंब्ली लिहितात आणि तिथल्या तिथं चालवतात. वेगळा कंपाइलर नको, सेटअपमध्ये सकाळ घालवायला नको. मध्यंतरी एका मुलीनं डेस्कटॉपवर चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यातलं लूप संपेचना. माऊसचा बाण फिरत होता, बाकी सगळं ठप्प. कारण रिस्क ओएस सहकारी तत्त्वावर चालते. प्रत्येक प्रोग्रामनं आपणहून ताबा सोडायचा. सहकारात एकानं खुर्ची सोडली नाही तर काय होतं, हे कोल्हापुरात समजावून सांगावं लागत नाही. पण तिनं पुढं विचारलं, "मग लिनक्स का नाही थिजत?" त्यानंतरचे दोन-तीन रविवार आम्ही लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला कधी वेळ द्यायचा ते ठरवणारा भागच, बघत होतो. तुझंच म्हणणं पाळलं की नाही?

आणि शेवटी विचारलंयस, घरात पाय ५ पडून आहे त्याचं काय करू. त्यावर लिनक्सच ठेव आणि आरपीसीएम्यू हा एम्युलेटर टाक. तो एकॉर्नच्या रिस्क पीसीचं सोंग घेतो. त्याला लागणारी रॉम फुकट मिळते. वेग बेताचा असेल, पण बघायला पुरे. खरी गंमत हवी असेल तर जुना पाय ३ किंवा पाय ४ सेकंडहँड शोध, रिस्क ओएससाठी नवा पाय ५ घेऊ नकोस. दिवाळीला येशील तेव्हा ये एखाद्या रविवारी. माऊस मात्र खऱ्या तीन बटणांचा आण. मधल्या बटणाशिवाय इथं मेनूच उघडत नाही, आणि चाक दाबून दाबून बोट दुखतं.