खर्र की कट्ट?

परवा पिंपळगावातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी आठ-दहा माणसांसमोर तोंडाने ट्रॅक्टर चालवला. वय ४७, दोन एकर द्राक्षबाग, सोसायटीचा माजी संचालक.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग ऐन फुटीवर आली आणि पाऊस आला. डावणी रोग यायच्या आत फवारा मारायचा, तर आमच्या २४ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलने मान टाकली. मिस्त्रीने तो ठोकळ्यांवर चढवला आणि ऑइल घमेल्यात सोडलं. ऑइलमध्ये काजूकतलीवरच्या वर्खासारखा लोखंडी चुरा चमकत होता. त्यात चुंबक फिरवून त्याने गिअरचा एक तुटका दात काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पिनियनचा आहे, छोट्या गिअरचा. त्याच्या जोडीचा मोठा क्राऊनपण खाल्लाय. जोडीच टाकावी लागंल."

पिनियन पोत्यात, दात खिशात, असा मी दुकानात पोचलो. दुकानदाराने पिनियनचे दात मोजले आणि माल आहे का विचारायला नाशिकला फोन लावला. तिकडचा माणूस "बघून सांगतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

काउंटरपाशी एक आबा उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. घ्यायचं होतं एक ग्रीस निप्पल, ते केव्हाच घेऊन झालं होतं.

"काय गेलं?"

"पिनियन."

"ते दिसतंय. का गेलं?"

"आता लोखंडच ते, आबा…"

"लोखंड उगाच जात नाही. आवाज कसा यायचा?"

"कटकट यायची."

"कटकट घरात असते. आवाज करून दाखवा."

मी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हळूच म्हणालो, "कट्ट… कट्ट… खर्रर्र."

आबांनी डोळे मिटले. "खर्र आधी की कट्ट आधी?"

"आधी कट्ट. ओळीच्या टोकाला वळवताना."

"मग हात स्टिअरिंगवर पाहिजेत ना!"

मी हात स्टिअरिंगवर घेतले. "गिअर कोणता?" "लो दुसरा." "लो दुसऱ्यात आवाज एवढा बारीक? तुम्ही टॉप टाकलाय. पुन्हा." मी पोटातून जाड आवाज काढला. मागे नांगराचे फाळ घ्यायला आलेला एक गडी म्हणाला, "आमच्याचा अस्साच येतो, पण त्यात हुंकार असतो," आणि त्याने हुंकार सुरू केला. दोन ट्रॅक्टर झाले. दुकानातल्या पोराने मोबाइल वर धरला.

आबांनी डोळे उघडले. "फोर व्हील टाकून डांबरीवर चालवता."

"मी? छे!"

मग त्यांनी सगळ्या दुकानाला समजावलं. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी जास्त पळतात, कंपनीच तशी करते. चिखलात ती घसरतात आणि भांडण मिटतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण गिअरवर. ऐकताना प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. बागेपासून घरापर्यंत तीन किलोमीटर डांबरी, आणि सीटखालचा फोर व्हीलचा दांडा मी अख्ख्या पावसाळ्यात मागे घेतला नव्हता. पण हे कबूल कोण करणार? "तुम्ही नाही म्हणा," आबा म्हणाले, "तुमचा आवाज हो म्हणतोय."

मला राग आबांचा नाही. ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी शोरूममध्ये हार होता, पेढे होते, दोन फूट लांब पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढला होता. त्या सगळ्या कौतुकात "दादा, हा दांडा डांबरीवर मागे घ्या" एवढं एक वाक्य बोलायला कुणाला वेळ नव्हता. पुस्तक दिलं ते इंग्रजीत. आणि आता पैसे आगाऊ, माल आठ दिवसांनी, वर पाटी: गिअरचा माल परत घेतला जात नाही. आठ दिवस! डावणीला काय सांगू, बाई जरा थांब, नाशिकहून जोडी येतेय? शेवटी शेजाऱ्याच्या हातापाया पडलो. त्याने स्वतःची बाग फवारून झाल्यावर रात्री अकरा वाजता ट्रॅक्टरसकट फवाऱ्याचा ब्लोअर पाठवला, आणि सोबत ड्रायव्हरही पाठवला. मला चालवू द्यायचं नाही, असं बजावूनच. कारण तोवर तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला होता.

काल दुपारी ओट्यावर बसून बायकोकडे हीच कैफियत मांडत होतो. ती मध्येच उठून आत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, वॉशिंग मशीनमधून कसलातरी आवाज येतोय!"

"कसा येतोय?" मी विचारलं. "करून दाखव."

"कट्ट… कट्ट… खर्रर्र."

मी खिसा चाचपला. ही पँट दुसरी होती.