पैसे भरून गिरणीत

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात कालव्याच्या कडेने जुन्या कापडगिरण्यांच्या विटकरी इमारती उभ्या आहेत. त्यातली सगळ्यात जुनी 1798 सालची. कावसजी दावरांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या गिरणीचा घाट घातला, तोवर हिची पन्नाशी उलटून गेली होती. इथलं सूत केव्हाच बंद झालं. आता तिथे फ्लॅट आहेत, कॉफीची दुकानं आहेत आणि सुट्टीवर आलेल्या हौशी माणसांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे लॉफ्ट आहेत.

लेक तिथेच नोकरीला आहे. तिच्या खोलीत आम्ही चौघं मावणार नव्हतो, म्हणून तिने असला एक लॉफ्ट घेतला. "युनिक आहे बाबा, फोटो तर बघा." फोटो झकासच होते. पंचाईत एवढीच, की बरोबर आई आणि नाना होते, आणि नानांची सगळी उमेद लालबागच्या एका गिरणीत, साळखात्यात म्हणजे कापड विणायच्या खात्यात गेलेली. 1982 च्या जानेवारीत संपावर बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. विमानतळावर मी त्यांना सांगितलं, आपण गिरणीत राहणार आहोत. नाना जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पगार किती?"

"पगार नाही नाना. आपणच पैसे द्यायचे."

"किती?"

मी आकडा सांगितला. विमान उतरेपर्यंत नाना एक अक्षर बोलले नाहीत.

अशा ठिकाणी घरमालक भेटत नाही, त्याचे मेसेज भेटतात. किल्ली बाहेर कठड्याला अडकवलेल्या छोट्या पेटीत, पेटीला आकड्यांचं कुलूप. कठड्याला तसल्याच डझनभर पेट्या. भुरभुर पावसात मी एकेका पेटीचे आकडे फिरवतोय आणि येणारेजाणारे मला भुरटा चोर समजून अदबीने पलीकडच्या फुटपाथवर जातायत. आई म्हणाली, "शेजारी ठेवायची ना किल्ली. माणसं राहत नाहीत का इथे?"

आत उघड्या विटांच्या भिंती, डोक्यावर विटांच्या कमानी, मधे ओतीव लोखंडाचे खांब. लेक आमचे चेहरे बघत उभी. आईने भिंतीवरून हात फिरवला, बोटाला आलेली लाल भुकटी पदराला पुसली आणि हळूच विचारलं, "गिलावा राहिलाय वाटतं. सगळे पैसे देऊन नाही ना टाकलेस?" टाकले होते.

घरात आडोसा म्हणावा असा एकच, न्हाणीघराचा, आणि तोही काचेचा. त्याचं सरकतं दार कितीही ओढलं तरी चार बोटं उघडंच. मग ज्याला आत जायचं असेल त्याने "मी चाललो" असं जाहीर करायचं आणि बाकीच्यांनी कालव्याकडे तोंड करून बसायचं, अशी पद्धत पडली. एवढा कालवा बघितलेलं कुटुंब मँचेस्टरमध्ये दुसरं नसेल. पलंग वर माळ्यावर, तिथे जायला उभी लोखंडी शिडी. आईचे गुडघे शिडीकडे बघूनच दुखायला लागले, म्हणून ती दोघं खाली सोफ्यावर आणि आम्ही नवरा-बायको वर. वरचं कुजबुजणं खाली स्पष्ट ऐकू येतं हे आम्हाला पहिल्याच रात्री कळलं, कारण खालून नानांनी उत्तर दिलं.

नानांना यातलं काहीच खटकलं नाही. मुंबईत आले तेव्हा ते गावच्या मंडळाच्या गाळ्यात राहायचे. पाळीला गेलेल्याची वळकटी गुंडाळायची, पाळीवरून आलेल्याची पसरायची. "हितं लई जागा हाय," ते म्हणाले. "आनखी पंधराजणं सहज बसतील." माझ्या बायकोने ताबडतोब विषय बदलला.

झोपेचं मात्र वाटोळं झालं. गिरणीच्या खिडक्या ह्या माणसापेक्षा दीडपट उंच. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊ उलटल्यावर मावळतो आणि पहाटे पावणेपाचला परत हजर. पडदे रिमोटवर, रिमोटचे सेल गेलेले. घरमालकाला कळवलं तर हसऱ्या चेहऱ्यासकट उत्तर आलं, की नैसर्गिक प्रकाश हेच या जागेचं वैशिष्ट्य आहे. "खरंय त्याचं," नाना म्हणाले. "धागा तुटलेला दिसाया नगो?" पहाटे पाच वाजता डोक्यावर उशी दाबून पडलेल्या माणसाला सांगायची ही गोष्ट नव्हे.

नाना मात्र पाचलाच उठून इमारतीची पाहणी करायचे. खांबाच्या वरच्या अंगाला बोल्टांची भोकं असलेला एक सपाट भाग होता. लेकीला वाटलं होतं, ते डिझाइन आहे. "हितनं शाफ्ट जायचा," नाना म्हणाले, "आन् ह्याच्यावरनं पट्टे खाली, एकेका मशिनीला." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे मागावर आडवा धागा नेणारा लाकडाचा एक जुना धोटा टांगून त्याला किल्ल्यांसाठी हुक ठोकले होते. नानांनी तो खाली काढला, टोकाच्या पितळी बोंडावरून अंगठा फिरवला, वजन तोललं. असलाच एक धोटा मागावरून उडून त्यांच्या भुवईवर बसला होता, ती खूण अजून आहे. आता हे हळवे होणार म्हणून मी मोबाइल काढला, तर म्हणाले, "हा हितला न्हाई. हितं नुसतं सूत काढत हुते, माग नव्हतेच. फसवलंय तुला."

ओल्डहॅमला जाणारी ट्राम दिसली तेव्हा मात्र ते जागीच उभे राहिले. नानांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ही अक्षरं येतात. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. बिडाच्या अंगावर ओतलेलं ते नाव नानांनी वर्षानुवर्षं तेलाच्या फडक्याने पुसलेलं. ट्राम गेल्यावर म्हणाले, "गाव हाय व्हय ते! मला वाटलं, मालकाचं नाव."

आता फोडणीचं. कापसाची धूळ आणि तेल यांनी लाकडी मजल्याच्या गिरण्या भडाभडा पेटायच्या, म्हणून पुढे लोखंडी खांब आणि विटांच्या कमानी आल्या. अशा आगीला पुरून उरलेल्या इमारतीत आईने वांग्याच्या भाजीला सुक्या मिरच्यांची फोडणी दिली. छतावरचं यंत्र कोकलायला लागलं. एवढ्या अजस्र खिडक्या, पण उघडतात वीतभर. बायकोने धूर जावा म्हणून बाहेरचं दार सताड उघडलं. धूर गेला, तो थेट जिन्यातल्या यंत्राकडे, आणि अख्ख्या इमारतीचा भोंगा सुरू झाला.

नाना जेवायच्या आधीची डुलकी काढत होते. भोंगा ऐकताच ताडकन उठले, सदरा चढवला, चपलेत पाय घातले आणि आईपुढे हात केला, "आगं, डबा?"

खाली चौकात सगळे जमलेले. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी लॅपटॉप छातीशी धरून, एक बाई मांजर घेऊन. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, ते दुःखाचं नव्हे, मिरचीचं. पिवळ्या जाकिटातला माणूस येऊन भोंगा बंद करेपर्यंत आम्ही कालव्याकडे तोंड करून उभे होतो. सवय होतीच. नाना म्हणाले, "आमच्यात भोंगा झाला की मानसं आत जायाची. ह्यांची भाईर येत्यात. गिरनी बंद पडंल न्हाई तर काय!"

त्या रात्री नाना बराच वेळ हिशेब करत बसले होते. गिरण्यांच्या जागेवर कामगारांना घरं, त्याची म्हाडाची पहिली सोडत 2012 ला निघाली. अर्ज दीड लाखावर. नानांचाही त्यात आहे, कागदपत्रांचे तीन संच झेरॉक्स करून कपाटात तयार ठेवलेत. "गिरनीच्या जागंवर ऱ्हायला मिळालं म्हनायचं," ते म्हणाले. "म्हाडाला कळवू नगंस. नाव कापतील."

निघायच्या दिवशी मेसेज आला. चादरी काढून मशिनमध्ये टाका, भांडी घासा, कचरा वेगळा करून खाली नेऊन ठेवा, अकराच्या आत बाहेर पडा. सफाईचे पैसे वेगळे कापलेले होतेच. नानांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी पैसं बी आपलं आन् झाडू बी आपलाच? आरं, बदली कामगाराला निदान हजेरी तरी मिळायची. हितं युनियन न्हाई का?"

नाही म्हटल्यावर ते सोफ्यावर मांडी घालून बसले. ताटाला हात लावणार नाही, कुणी लावायचा नाही. मी घड्याळ दाखवलं, अकराच्या पुढे दंड आहे म्हणून सांगितलं. लेकीने "आजोबा, प्लीज" करून पाहिलं. नाना हलेनात. 1982 चा संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. मँचेस्टरचा मात्र आईने दहा मिनिटांत फोडला, सगळी भांडी घासून.