पंप्स घट्टच हवेत, पण हेवी शूजचं तसं नाही (नाशिकच्या काकांना उत्तर)

काका, आयरिश डान्सच्या बुटांच्या मापाबद्दलची तुमची कमेंट वाचली. तुम्ही आजोबांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते, चालेल ना? खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथेच सविस्तर लिहिते, कारण आयर्लंडमध्ये नातवंडं असलेल्या बऱ्याच आजीआजोबांना हाच प्रश्न पडत असणार.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी: काका नाशिकला, मुलगा-सून आणि ८ वर्षांची नात कॉर्कला. सुनेने माझी आयरिश डान्सच्या शूजवरची पोस्ट वाचून नातीला रोजच्या बुटापेक्षा एक नंबर लहान बूट घेतले, पहिल्याच आठवड्यात टाचेला फोड आले आणि पोरगी व्हिडिओ कॉलवर रडली. काकांचं म्हणणं असं की मुलांचा बूट पुढे अंगठाभर मोकळा आणि वाढत्या अंगाचा घ्यावा, माझ्यासारखे लोक फॅशनपायी पोरींच्या पायाचे हाल करतायत, आणि नाचायचंच तर भरतनाट्यम काय वाईट, निदान अनवाणी तरी असतं. शिवाय, 'नातीला १३ नंबर आणि वर्गातल्या तिच्याहून थोराड मुलीला १ नंबर, हा काय पोरखेळ?'

आता मुद्द्यावर येते. तुम्ही लिहिलंय की बूट 'पट्ट्याचा, टाचेला जाड प्लास्टिक लावलेला' आहे. काका, हा हेवी शू झाला! माझ्या पोस्टमध्ये एक नंबर लहान घ्या असं जे लिहिलंय ते पंप्सबद्दल आहे, आणि हे दोन बूट एकाच क्लासच्या पिशवीत असले तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पंप्स म्हणजे मऊ पातळ कातड्याचे, टाच नसलेले, वर नाडी ओवायला लूप असलेले काळे बूट, अमेरिकेत त्यांनाच घिली म्हणतात, ते घालून मुली रील, लाइट जिग, स्लिप जिग असले उड्यांचे हलके नाच करतात (मुलग्यांचं वेगळं असतं, त्यांच्या रील शूजना टाच असते, त्यात आत्ता शिरत नाही). हेवी शूज म्हणजे पुढे बोटांखाली आणि मागे टाचेला फायबरग्लास बसवलेले जाड कातड्याचे बूट, पूर्वी तिथे चामड्याचे थर आणि खिळे असायचे. ट्रेबल जिग, हॉर्नपाइप आणि सेट डान्स यांच्यात, ज्यांत जमिनीवर ठेका वाजवायचा असतो, ते लागतात. पंप्सचं कातडं वापरून सैल पडतं. हेवी शूचं कातडं मऊ होतं पण लांबीला फारसं वाढत नाही, फायबरग्लासचं टोक तर जिथल्या तिथेच. त्यामुळे पंप्सचा नियम हेवी शूला लावला तर पोरगी रडणारच.

आता पंप्स घट्ट का, हे जरा नीट सांगते, कारण तुमचा खरा राग तिथेच आहे. शाळेच्या बुटाला अंगठाभर जागा हवी हे शंभर टक्के बरोबर, माझ्या मुलीचे शाळेचे बूट मी तसेच घेते. तो बूट दिवसभर पायात असतो, चालताना पाऊल बुटात पुढे सरकतं आणि समोर कडक टोक असतं, बोटं त्याच्यावर आपटू नयेत म्हणून ती जागा. पंप्सला पुढे कडक असं काही नसतंच. क्लासमध्ये तासभर पायात असतात, त्यातला बराचसा वेळ पोर चवड्यावर उभी. पुढे जागा सोडली की ते रिकामं कातडं बोटांच्या पुढे चोचीसारखं दुमडतं, पोर त्याच्यावर अडखळते, आणि पाय कितीही सुंदर ताणला तरी लांबून थोटाच दिसतो. स्पर्धेत, म्हणजे इथल्या फेशमध्ये, परीक्षक बघतात ते हेच, चवडा किती वर आहे, पाय एकमेकांवरून नीट क्रॉस होतायत का, बोटं ताणलेली आहेत का.

पण घट्ट म्हणजे काय, याला सीमा आहे आणि ती मी पोस्टमध्ये लिहिली होती, परत लिहिते. पंप्स घालून नाडी बांधा, पोरीला दोन्ही पायांवर सरळ उभं करा आणि वरून आपल्या बोटाने तिचं एकेक बोट चाचपा. कातडं इतकं पातळ असतं की आतली नखं हाताला लागतात. बोटं सपाट आणि सरळ, टोकं कातड्याला जेमतेम टेकलेली, म्हणजे माप बरोबर. बोटांच्या सांध्यांचे उंचवटे वर आलेले लागले तर बोटं आत मुडपलीत, तो बूट लहान, लगेच परत करायचा, 'सैल होईल हळूहळू' असं दुकानदार म्हणाला तरी. मग तिला चवड्यावर उभं करा आणि पुढचं कातडं चिमटीत धरून बघा, सहज चिमटीत आलं तर मोठा. तिसरं, वरच्या लूपच्या दोन रांगा नाडी आवळल्यावर मध्ये एकमेकींना चिकटता कामा नयेत, नव्या बुटातच चिकटल्या तर कातडं सैल पडल्यावर आवळणार काय? हे सगळं तिच्या नाचायच्या पांढऱ्या पूडल (फुगीर विणीच्या) मोज्यांवर करायचं, शाळेच्या मोज्यांवर नाही. आणि दोन्ही पाय मोजायचे, एक थोडा मोठा असतोच बहुतेकांचा, माप त्याचंच.

नवा पंप चढताना त्रास होतो हे खरंय. कासाराकडे बांगडी भरताना हात दाबून घ्यावा लागतो पण एकदा मनगटावर गेली की बसते ना छान, तसंच. इथल्या काही आया पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालून सरकवतात आणि मग पिशवी ओढून काढतात, हसू नका, चालतं ते.

'वाढत्या अंगाचं' हे मला खरंच पटत नाही, आणि इथे मी तुमच्याशी वाद घालणार. इथला एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर सव्वाचार. शाळकरी मुलांचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो. म्हणजे एक नंबर मोठा हेवी शू घेतलात तर तो तिला बरोबर बसेल वर्षाने, आणि तोवर टाच उचलली जाऊन, भलत्या जागी घड्या पडून तो बूट कामातून गेलेला असणार. वर्षभर पोर चुकीच्या बुटात आणि बरोबर माप आलं तेव्हा बूट खलास, यात कसली आली बचत? शिवाय सैल हेवी शू धोक्याचा असतो, पाऊल आत सरकतं, फायबरग्लासचं टोक जमिनीला अडकतं, घोटा मुरगळतो. आवाजही बिघडतो, पाय आधी पडतो आणि बूट मागून, एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. पैशाचाच प्रश्न असेल (असतोच, नवे हेवी शूज शंभर युरोच्या आसपास किंवा वरच जातात) तर सेकंडहँड घ्या. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फेशच्या हॉलमध्ये आया सर्रास विकतात, कातडं आधीच मऊ झालेलं मिळतं. पंप्स मात्र सेकंडहँड नको, ते आधीच्या पोरीच्या पायाचा आकार घेऊन बसलेले असतात.

आता फोड. फोड आला म्हणजे बूट लहान, असं सरसकट नसतं काका. फोड घासल्याने येतो. तुम्ही 'टाचेला' लिहिलंय. टाचेच्या मागे असेल तर दोन शक्यता, एकतर नवा कोरा कडक बूट एकदम तासभर घातला, किंवा उडी मारताना टाच आत वरखाली होतेय, म्हणजे चक्क मोठा किंवा रुंद आहे, किंवा पट्टा सैल आहे. लहान बुटाची खूण बहुतेक वेळा पुढे दिसते, अंगठ्याचं नख दुखतं, काळंनिळं पडतं, बोटांच्या सांध्यांवर लाल होतं. तेव्हा सुनेला आधी विचारा फोड नेमका कुठे आहे ते. हेवी शूजमध्ये बोटं सरळ राहिलीच पाहिजेत, टोकाला दाबली जाता कामा नयेत, आणि चवड्यावर उभं राहिल्यावर टाच बुटातून सुटता कामा नये, या दोन गोष्टी एकाच वेळी जमल्या तर माप बरोबर. त्यासाठी रोजच्या नंबरपासून सुरुवात करायची आणि ब्रँड बघून अर्धा खाली-वर, पाय रुंद असेल तर रुंद मापाचा मागायचा, नंबर वाढवून रुंदी मिळवायला जायचं नाही. आपल्या बऱ्याच पोरींचे पंजे पुढे पसरट असतात, तिथेच लोक फसतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. फोड नसून टाच आतून दुखत असेल, मागून दाबल्यावर कळ येत असेल, क्लासनंतर लंगडत असेल, तर बुटाचा नंबर शोधत बसू नका. साधारण ८ ते १४ वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग कच्चा असतो आणि सारख्या उड्यांनी तो दुखावतो, डॉक्टर त्याला सेव्हर्स म्हणतात. या बुटांना आत उशी अशी नसतेच. जीपीला (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला) किंवा फिजिओला दाखवायचं आणि उड्या काही दिवस बंद, टीचर कितीही म्हणू दे की फेश तोंडावर आलाय.

१३ आणि १ चा पोरखेळ इंग्रजांचा, माझा नाही 🙂 मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुढे परत १ पासून सुरू होतात. नाशिकच्या दुकानात जाऊन बघा, आपल्याकडेही मुलांच्या बुटांना हेच नंबर चालतात. म्हणजे तुमची नात १३ आणि ती थोराड मुलगी तिच्यापुढे एक नंबर, इतकंच.

भरतनाट्यमबद्दल काय बोलू, शिकवा की, दोन्ही शिकणाऱ्या मुली आहेत इथे. पूर्वी आयर्लंडच्या खेड्यांतही पोरं अनवाणी नाचायचीच. पण कॉर्कमधल्या आठ वर्षांच्या मुलीच्या सगळ्या मैत्रिणी शनिवारी सकाळी ज्या हॉलमध्ये जातात तिथे तिलाही जायचंय, आणि ते मला फार साहजिक वाटतं.

सध्या एवढंच करा. सुनेला सांगा की ते हेवी शूज घरातल्या कार्पेटवर घालून वरच्या दोन गोष्टी तपासून बघ. तळ खरवडला नसेल आणि पावती असेल तर बदलून मिळतात का ते लगेच विचारायचं, आठवडाभर क्लासला घातले असतील तर कठीण आहे, मग ग्रुपवर विकायला टाका आणि त्याच पैशात योग्य मापाचे सेकंडहँड बघा. फोड बरा होईपर्यंत तिला क्लासमध्ये फक्त पंप्समध्ये नाचू दे, टीचरना आधी सांगितलं की चालतं. आणि मला कमेंटमध्ये फोडाची जागा आणि पायाची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा, भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभं करून मोजलेली, बसून नाही.